पुढच्यास ठेच : कार्यस्थळावरील गंभीर अपघात, त्यांची नोंद आणि मालकाचे कर्तव्य



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना प्रथम विनम्र अभिवादन करतो. या मालेत आजवर साहित्य, इतिहास, संतवाङ्मय आणि संगीत या विषयांची आराधना झाली आहे. त्या पंक्तीत ‘कारखान्यातील अपघाताची नोंद आणि चौकशी’ हा विषय काहीसा परका, कदाचित रूक्षही वाटण्याचा संभव आहे. तरीही तो मी हेतुपुरस्सर निवडला आहे. इंदूरच्या मराठी समाजाची एक पिढी होळकर दरबाराच्या कचेऱ्यांत रमली; दुसरी मिलच्या भोंग्यावर आपले घड्याळ लावू लागली; आणि आज तिसऱ्या-चौथ्या पिढीतील मुलेमुली सकाळी पीथमपूर, देवास किंवा सांवेर रोडच्या बसमध्ये बसतात. कोणी तेथे यंत्रावर उभे राहतात, कोणी पर्यवेक्षक आहेत, कोणी व्यवस्थापक, तर काही जण स्वतःच छोट्यामोठ्या कारखान्यांचे मालक झाले आहेत. या शाळेने ज्यांना लिहायला शिकवले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या हातून कधी ना कधी एक कागद लिहिला जाणार आहे : ‘आज अमुक वाजता अमुक कामगारास इजा झाली.’ तो कागद खरा लिहिला जातो की खोटा, वेळेवर लिहिला जातो की लिहिलाच जात नाही, यावर कोणाचे तरी प्राण अवलंबून असतात. म्हणून हा विषय शाळेचाही आहे.

आपल्या भाषेत एक म्हण आहे : पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. अपघाताच्या चौकशीचे सारे शास्त्र या चार शब्दांत सामावले आहे. परंतु या म्हणीत एक अट गृहीत धरलेली आहे. मागच्याला शहाणा व्हायचे असेल, तर पुढच्याला ठेच लागली हे त्याला कळले पाहिजे. पुढचा पडला आणि कोणी तरी त्याला गुपचूप उचलून बाजूला नेले, दगडावर सतरंजी घातली, तर मागचा त्याच दगडावर आपटणार. कायद्याने मालकावर अपघात कळविण्याचे आणि त्याची चौकशी होऊ देण्याचे जे बंधन घातले आहे, ते ही सतरंजी उचलण्यासाठी आहे.

हे बंधन आकाशातून पडलेले नाही. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने कारखाना निरीक्षक आले आणि १८४४ च्या कायद्याने अपघात कळविण्याची व यंत्रांना आवरण घालण्याची सक्ती सुरू झाली. हिंदुस्थानात पहिला कारखाने कायदा १८८१ साली झाला. तो शंभर किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या कारखान्यांपुरताच होता आणि त्याची धार बोथट होती. तीन वर्षांनी, १८८४ मध्ये, मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा नारायण मेघाजी लोखंडे यांनी भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. लोखंडे म्हटले की आपल्याला रविवारची सुट्टी आठवते. परंतु त्या निवेदनात आणखी एक मागणी होती : काम करताना जबर दुखापत झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, आणि जन्माचे अपंगत्व आले तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. सत्यशोधक परंपरेतल्या एका मराठी माणसाने ही गोष्ट तेव्हा मांडली. भारतात नुकसानभरपाईचा कायदा व्हायला त्यानंतर १९२३ साल उजाडावे लागले.

भरपाईचा आणि नोंदीचा संबंध सरळ आहे. ज्या अपघाताची नोंद नाही, तो कायद्याच्या दृष्टीने घडलेलाच नाही. आणि न घडलेल्या अपघाताची भरपाई कोण देणार? म्हणूनच या दोन्ही व्यवस्था हातात हात घालून वाढल्या. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने अधिनियम आला. मृत्यू घडविणाऱ्या, किंवा कामगाराला अठ्ठेचाळीस तास अथवा त्याहून अधिक काळ काम करता येऊ नये अशी इजा करणाऱ्या प्रत्येक अपघाताची सूचना देण्याचे कर्तव्य त्याच्या कलम ८८ ने कारखान्याच्या व्यवस्थापकावर टाकले. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी जोडल्या. मृत्यूची सूचना मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत अधिकाऱ्याने चौकशी केलीच पाहिजे, ही एक. दुसरी अशी की, ज्या घटनेत कोणाला खरचटलेसुद्धा नाही, परंतु जिचे स्वरूप धोकादायक आहे, तीही कळविली पाहिजे.

या दुसऱ्या गोष्टीवर क्षणभर थांबू या. वजन उचलणाऱ्या क्रेनचा दोर तुटला, पण खाली कोणी नव्हते. बाष्पपात्र फुटले, पण तेव्हा जेवणाची सुट्टी होती. अशा वेळी आपण सहज म्हणून जातो, ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.’ देवाला हात जोडतो आणि पुन्हा कामाला लागतो. कायदा मात्र येथे फार वेगळे सांगतो. वेळ आली नव्हती हे आपले भाग्य. पण काळ आला होता, याची नोंद करा. तो कोणत्या वाटेने आला, हे शोधा. कारण तो त्याच वाटेने पुन्हा येईल, आणि तेव्हा दोराखाली कोणी तरी उभे असेल. अमेरिकन सुरक्षातज्ज्ञ हाइनरिख यांनी १९३१ मध्ये एका गंभीर अपघातामागे एकोणतीस किरकोळ इजा आणि तीनशे निरुपद्रवी घटना, असे प्रमाण मांडले. त्या आकड्यांविषयी पुढे पुष्कळ वाद झाले आणि ते प्रमाण सर्वत्र लागू पडत नाही, हे आता मान्य आहे. परंतु मोठ्या अपघाताच्या आधी लहान इशारे येऊन गेलेले असतात, हा अनुभव मात्र वारंवार येत राहतो.

आपल्या मध्य प्रदेशात याहून दारुण उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात १९८४ च्या डिसेंबरातील २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री मिथिल आयसोसायनेट वायू सुटला. तो दिवस सर्वांना माहीत आहे. त्याच्या आधीचे दिवस मात्र थोड्यांना माहीत आहेत. १९८१ च्या डिसेंबरात त्याच कारखान्यात फॉस्जिन वायूच्या गळतीने एक कामगार मरण पावला. १९८२ मध्ये पुन्हा गळत्या झाल्या, पुन्हा कामगार रुग्णालयात गेले. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीच्या अमेरिकेतील मुख्य कार्यालयाकडून तपासणी पथक आले आणि त्याने अनेक उणिवा लिहून ठेवल्या. राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने आपल्या छोट्या साप्ताहिकातून शहराला सावध करण्याचा प्रयत्न १९८२ पासून चालविला होता. म्हणजे ठेच एकदा नव्हे, अनेकदा लागली होती. तरीही त्या रात्री वायू थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा बंद होती, जळण-मनोऱ्याची नळी तोडलेली होती, वायू धुऊन काढणारी यंत्रणा कामासाठी सज्ज नव्हती. शासनाने पुढे मान्य केलेल्या मृत्यूंची संख्याही पाच हजारांवर गेली.

आणि नंतर? रुग्णालयात तडफडणाऱ्या हजारो लोकांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना, हा वायू नेमका कोणता आणि त्यावर उतारा काय, हे वेळेवर सांगितले गेले नाही. अपघात कळविणे म्हणजे फक्त सरकारी कचेरीत कागद पोचविणे नव्हे. ज्याच्या हाती जीव वाचविणे आहे, त्याला सत्य सांगणे हा कळविण्याचा पहिला अर्थ आहे. चौकशीचेही तसेच. राज्य शासनाने न्यायमूर्ती एन. के. सिंग यांचा चौकशी आयोग नेमला, आणि त्याचे काम पुरे होण्याआधीच १९८५ मध्ये तो गुंडाळला. टाकीत पाणी कसे शिरले, याविषयी शासकीय शास्त्रज्ञांचे म्हणणे एक आणि कंपनीचे म्हणणे दुसरे, असा वाद वर्षानुवर्षे चालत राहिला. १९८९ मध्ये सत्तेचाळीस कोटी डॉलरांची तडजोड झाली. कनिष्ठ न्यायालयाचा निकाल २०१० च्या जूनमध्ये लागला. दोन वर्षांची शिक्षा झाली. आणि कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत बंद कंटेनरांतून आपल्या शेजारच्या पीथमपूरला आला, तेव्हा तेथील लोक रस्त्यावर उतरले. न्यायालयाच्या देखरेखीखाली तो जून २०२५ अखेर जाळण्यात आला. चाळीस वर्षांपूर्वी न ऐकलेल्या इशाऱ्याची राख आपल्या दारात आली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पीथमपूरच्या लोकांनी शासकीय आश्वासनावर विश्वास का ठेवला नाही, याचे उत्तरही येथेच आहे. माहिती दडविण्याची किंमत एकदाच चुकती होत नाही. ती पिढ्यानुपिढ्या अविश्वासाच्या रूपाने फेडावी लागते.

भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना व परिसरातील जनतेला देणे सक्तीचे झाले. कामगारांचा सहभाग असलेल्या सुरक्षा समित्या आल्या. धोका समोर दिसत असेल तर तो व्यवस्थापनाच्या लक्षात आणून देण्याचा कामगाराचा हक्क कायद्यात लिहिला गेला. कंपनी असेल तेथे तिच्या संचालकांपैकीच एक जण कारखान्याचा भोगवटादार मानला जाईल, असेही ठरले. कनिष्ठ अधिकाऱ्याचे नाव पुढे करून संचालकांनी मोकळे राहण्याची वाट यामुळे बंद झाली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीवर शिक्कामोर्तब केले. त्याआधी १९८६ मध्ये, दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातील वायुगळतीच्या प्रकरणात, घातक व्यवसाय करणाऱ्याचे दायित्व निरपवाद असते, हे तत्त्व त्याच न्यायालयाने घालून दिले होते.

आज यातील बराच भाग नव्या घरात राहायला गेला आहे. १९४८ चा कारखाने अधिनियम, १९५२ चा खाण अधिनियम आणि इतर अनेक कायदे मिळून केलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिची कलमे १०, ११ आणि १२ प्रत्येक मालकाने, व्यवस्थापकाने आणि कामगार प्रतिनिधीने एकदा तरी स्वतः वाचावीत. कलम १० अपघाताच्या सूचनेचे : मृत्यू किंवा अठ्ठेचाळीस तासांहून कमी नाही इतका काळ काम अडविणारी इजा, हा निकष येथे कायम आहे. कलम ११ धोकादायक घटनेचे, मग तीत इजा झालेली असो वा नसो. कलम १२ व्यवसायजन्य रोगांचे. आणि येथे कर्तव्य मालकाइतकेच रोग्याला तपासणाऱ्या डॉक्टराचेही आहे. मृत्यूच्या प्रकरणी चौकशीची मुदत मात्र पूर्वीच्या एका महिन्याऐवजी दोन महिने झाली आहे. निरीक्षकाचे नाव आता ‘निरीक्षक तथा सुविधाकर्ता’ असे झाले आहे. सुविधा जरूर करावी. परंतु मृत्यूच्या दारात निरीक्षणाला दुय्यम स्थान मिळू नये, एवढी दक्षता समाजाने घ्यावयास हवी. कर्तव्यच्युतीमुळे मृत्यू ओढवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे, आणि त्या दंडाचा निदान निम्मा भाग मृताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

येथवर कायदा झाला. आता व्यवहाराकडे वळू.

अपघात का दडविले जातात? मालक सगळे दुष्ट असतात म्हणून नव्हे. खटल्याची भीती असते. काम बंद पडेल, मोठ्या ग्राहकाकडून मिळणारी मागणी जाईल, ही धास्ती असते. कारखान्याच्या दारावर ‘अपघाताविना इतके दिवस’ असा फलक झळकत असतो, आणि तो आकडा पुन्हा शून्यावर आणण्याचे धैर्य कोणाला होत नाही. मग युक्त्या सुचतात. अठ्ठेचाळीस तासांची अट टाळण्यासाठी हाताला पट्टी बांधलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून बोलावतात, खुर्चीवर बसवून ठेवतात आणि हजेरी लावतात. राज्य विमा रुग्णालयात नेले तर कागद होईल, म्हणून ओळखीच्या खासगी दवाखान्यात नेतात. ठेकेदाराचा कामगार असेल तर काही पैसे हातावर ठेवून त्याला गावी धाडतात. झाबुआ, धार किंवा बिहारमधल्या खेड्यात तो अपंग होऊन पोचतो आणि कारखान्याच्या नोंदवहीत त्याचा मागमूसही उरत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा हा हिशेब असतो. पण या मुठीत सव्वा लाख नसतात. एखाद्याचे बोट असते.

ज्या फलकाने माणसे खोटे बोलायला शिकतात, तो फलक सुरक्षेचा नव्हे. जेथे टळलेल्या अपघातांची नोंद वाढते आहे, तेथे सुरक्षा बिघडत नसून बहुधा विश्वास वाढत असतो. हे सूत्र उलटे वाटेल, पण शिक्षकांना ते पटकन पटेल. ज्या वर्गात एकही विद्यार्थी शंका विचारत नाही, त्या वर्गाला सगळे समजले आहे असे चांगला शिक्षक कधी मानत नाही.

आता चौकशीविषयी. एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कोणत्याही वसाहतीत ओळखीचे वाटेल. पत्रा कापण्याच्या प्रेसवर एका तरुणाची तीन बोटे गेली. अहवाल लिहिला जातो : ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात. कामगारास समज देण्यात आली.’ दोन वाक्ये, आणि फाइल बंद. आता याच घटनेला ‘का’ हा प्रश्न पुन्हापुन्हा विचारून पाहा. हात साच्यात का गेला? अडकलेला तुकडा काढायला. यंत्र चालू असताना का? कारण संरक्षक जाळी काढलेली होती. जाळी का काढली? ती असली की तुकडा काढायला वेळ लागतो आणि पाळीचे ठरलेले नग भरत नाहीत. तुकडा इतका वारंवार का अडकतो? साच्याची धार गेली आहे. दुरुस्तीची मागणी कित्येक दिवस पडून आहे. ती का पडून आहे? कारण दुरुस्तीसाठी यंत्र थांबविण्याचा अधिकार पर्यवेक्षकाला नाही. पाच प्रश्नांत आपण तरुणाच्या बोटांपासून व्यवस्थापकाच्या टेबलापर्यंत येऊन पोचलो. पहिल्या प्रश्नाशी थांबणारी चौकशी त्या तरुणाला समज देते. शेवटच्या प्रश्नापर्यंत जाणारी चौकशी पुढच्या तरुणाची बोटे वाचविते.

म्हणून ‘मानवी चूक’ हा निष्कर्ष मानू नये. चौकशी तेथून सुरू व्हावयाची असते. माणूस चुकणारच. एका माणसाच्या एका चुकीने हात तुटू शकेल अशी रचना कोणी आणि का ठेवली, हा खरा प्रश्न आहे. पोलिसांचा तपास आणि सुरक्षेची चौकशी यांतला भेद येथे ध्यानात ठेवावा. पोलीस प्रामुख्याने ‘कोणी’ हे विचारतात, आणि ते त्यांचे कामच आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याच्या गुन्ह्याची शिक्षा २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत वाढविली आहे. सुरक्षेची चौकशी ‘का’ हे विचारते. दोन्ही आवश्यक आहेत. पण पहिलीच्या भीतीने दुसरीचा गळा घोटला जाऊ नये.

चांगल्या चौकशीची काही पथ्ये आहेत. जखमीला मदत आणि पुढचा धोका टाळणे हे सर्वांत आधी. त्यानंतर मात्र जागेला हात लावू नये. खाण अधिनियमात तर मृत्यू किंवा गंभीर इजा झालेली जागा निरीक्षकाच्या संमतीवाचून हलवू नये, अशी स्पष्ट आज्ञा होती. बचावकार्यासारखे अपवाद तेवढे होते. रक्त धुऊन, जाळी परत बसवून, यंत्र रंगवून मग निरीक्षकाला बोलावणे म्हणजे पुरावा नष्ट करणेच होय. साक्षी त्याच दिवशी, एकेकट्याच्या, धाक न घालता घ्याव्यात. माणसाची स्मृती रात्रीत बदलते, चौघांच्या गप्पांत तर फारच लवकर. नोंदवह्या, परवाने, देखभालीचे तक्ते ताब्यात घ्यावेत, आणि मागाहून लिहिलेल्या नोंदी ओळखाव्यात. चौकशी करणाऱ्यांत त्या विभागाचा प्रमुख एकटा असू नये, कारण आपल्याच घरातील दोष आपल्याला क्वचित दिसतो. कामगारांचा प्रतिनिधी असावा. प्रत्येक शिफारशीपुढे जबाबदार व्यक्तीचे नाव आणि तारीख असावी. ‘काळजी घ्यावी’ ही शिफारस नव्हे. तो निव्वळ आशीर्वाद झाला. आणि शेवटी तो अहवाल कामगारांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा, आणि मृताच्या घरी कोणी तरी जबाबदार माणसाने जाऊन काय घडले ते सांगावे. घरच्या माणसांना पैशांइतकीच, कधी त्याहून अधिक, एका उत्तराची गरज असते.

अशा चौकशीने काय साधते? इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो येथील रासायनिक कारखान्यात १ जून १९७४ रोजी स्फोट होऊन २८ माणसे दगावली. न्यायालयीन चौकशीत दिसून आले की, एक टाकी नादुरुस्त झाली म्हणून तिला वगळून तात्पुरती नळी जोडली होती, आणि तिचा आराखडा म्हणजे कर्मशाळेच्या फरशीवर खडूने काढलेल्या रेषा होत्या. त्या एका निष्कर्षातून, यंत्रणेत केलेला कोणताही बदल, मग तो तात्पुरता का असेना, जाणकारांनी लेखी तपासल्याशिवाय अमलात आणू नये, हा नियम जगभरच्या रासायनिक उद्योगात रुजला. याच्या उलट, विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे स्टायरिन वायूची गळती झाली. आंध्र शासनाच्या उच्चाधिकार समितीला आढळले की, धोक्याचा भोंगा वाजविण्याची सोय कारखान्यात छत्तीस ठिकाणी होती. एकही वाजला नाही. भोपाळचा धडा छापलेला होता, वाचलेला नव्हता.

अपघात नेहमीच आवाज करून येतात असेही नाही. या सभागृहातील माझ्या वयाच्या मंडळींनी दगडी पाटीवर ज्या पेन्सिलीने पहिला ‘श्री’ गिरविला, ती बहुधा आपल्या माळव्यातल्या मंदसौरची. तेथील शिळा कापताना उडणारी धूळ कामगारांच्या फुप्फुसांत साठत गेली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने केलेल्या तपासणीत, तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस आढळला. मध्य प्रदेश शासनाला १९८२ मध्ये स्लेट-पेन्सिल कामगारांच्या कल्याणनिधीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्या अक्षरओळखीचे मोल कोणी तरी श्वासाने चुकविले होते, आणि कोणत्याही शाळेच्या जमाखर्चात त्याची नोंद नव्हती. पुढे झाबुआ, अलिराजपूर आणि धारचे आदिवासी गुजरातमधील गोध्र्याच्या दगड-भुकटीच्या गिरण्यांत गेले आणि तोच रोग घेऊन परतले. त्यांच्यापैकी २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये द्यावा लागला. अशा रोगाची पहिली चाहूल लागते ती गावच्या डॉक्टरला. त्याने ‘क्षय’ असे लिहून औषध दिले तर रोगही बरा होत नाही आणि कारखानाही सुटतो. या शाळेतून पुष्कळ डॉक्टर बाहेर पडले आहेत. त्यांना माझी विनंती आहे की, खोकणाऱ्या कामगाराला एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘काम काय करता?’

ब्रिटिश सुरक्षातज्ज्ञ ट्रेव्हर क्लेट्झ यांनी १९९३ मध्ये एका ग्रंथात असा विचार मांडला की, संस्थांना स्मरणशक्ती नसते. ती असते फक्त माणसांना, आणि माणसे निवृत्त होतात, निघून जातात. मग दहा-पंधरा वर्षांनी तोच अपघात त्याच जागी पुन्हा होतो. आज आपण एका शिक्षकाच्या स्मरणार्थ जमलो आहोत. शाळा आपल्या माणसांचे स्मरण ठेवते, त्यांची नावे भिंतीवर लिहिते, त्यांच्या नावे व्याख्याने करविते. कारखान्याने आपल्या मृतांचे स्मरण कसे ठेवावे? भिंतीवरील तसबीर पुरेशी नाही. ज्या कारणाने तो माणूस गेला, ते कारण खरेपणाने लिहून ठेवणे, दरवर्षी नव्या भरतीला वाचून दाखविणे, आणि त्या कारणाने पुन्हा कोणी जाणार नाही अशी व्यवस्था करणे, हेच त्याचे खरे श्राद्ध होय.

माझ्या सूचना थोड्या आहेत. आपल्यापैकी जे मालक आहेत त्यांनी वार्षिक हिशेबाच्या बैठकीत पहिला विषय अपघातांचा ठेवावा, आणि खरी नोंद करणाऱ्या पर्यवेक्षकाची पाठ राखावी. ठेकेदाराचा कामगार आपल्या छपराखाली आहे तोवर तो आपला, असे मानावे. जे अभियंते आहेत त्यांनी वरिष्ठांच्या सोयीचा अहवाल लिहिण्यास नम्रपणे, पण ठामपणे नकार द्यावा. जे कामगार आहेत त्यांनी नव्या संहितेच्या कलम १४ ने दिलेला हक्क जाणावा : गंभीर धोका अगदी समोर आहे असे वाटले तर तो मालकाच्या नजरेस आणून देणे हा आगाऊपणा नव्हे. जे वकील आणि पत्रकार आहेत त्यांनी अपघाताच्या दुसऱ्या दिवशीच नव्हे, तर सहा महिन्यांनीही विचारावे की चौकशीचे पुढे काय झाले. आणि शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना निबंधाबरोबरच घडलेली घटना जशीच्या तशी, विशेषणांशिवाय लिहायला शिकवावे. ही कला दिसते तितकी सोपी नाही, आणि हिच्यावाचून कोणताही कायदा चालत नाही.

कायद्याची कलमे बदलतील, मुदती कमीजास्त होतील, अधिकाऱ्यांची नावे नवी येतील. पण कोणाला तरी ठेच लागली आहे हे मोठ्याने सांगण्याची तयारी समाजात असेल, तरच मागून येणाऱ्यांना शहाणे होण्याची संधी मिळेल. गुरुवर्यांनी आयुष्यभर हेच केले : मागून येणाऱ्यांसाठी वाटेतले दगड दाखविले. त्यांच्या स्मृतीला पुन्हा एकदा वंदन करतो.